विषाणू, संप्रेरकं आणि एक तपासणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी आपल्या घरांत अजून दबक्या आवाजातच बोललं जातं. म्हणून हा अंक आम्ही त्यालाच दिला आहे. मूळ कारण ह्यूमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही). ते दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. पण बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. मग काहींमध्येच तो ठाण का मांडतो? इथे संप्रेरकांचा विषय येतो. गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षांहून अधिक घेतल्यास धोका काहीसा वाढतो, थांबवल्यावर उतरत जातो. अनेक बाळंतपणांशीही संबंध दिसतो. घाबरून गोळ्या सोडा, असं मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. आधी डॉक्टरांशी बोला.

आमचा भर तपासणीवर आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात एकदाच एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात या रोगाचे मृत्यू, नेहमीच्या आरोग्यसेवेवरच्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे झाले. २००९ साली हे जगापुढे आलं, आपल्याच मराठवाड्यातून! तरीही तपासणीला जाणाऱ्या बायका थोड्याच. तुम्ही गेलात का? नसाल, तर कशामुळे अडलं? नाव न देताही आम्हाला जरूर लिहा.