शहर मोठे की दाट? दुकानदाराने आधी हे विचारावे

सांगोला तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर आहे. दिल्ली राज्याचेही जवळपास तेवढेच, म्हणजे १४८३. मात्र २०११ च्या जनगणनेत आपल्या तालुक्यात ३ लाख २२ हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली आणि दिल्लीत १ कोटी ६७ लाखांहून अधिक. जागा तितकीच, माणसे पन्नासपटीहून जास्त.

हे आकडे आम्ही मुद्दाम आधी दिले. २०२१-२२ च्या सुमारास तेल्या आणि खोडकिडीने सांगोल्यातल्या कित्येक डाळिंबाच्या बागा बसवल्या. तेव्हापासून आपल्याकडचा तरुण पुण्या-मुंबईचा विचार जास्त करू लागला आहे. बागवानाचा मुलगा फळांचा गाळा घेतो, कोणी बेकरी काढतो, कोणी गॅरेज टाकतो. घरची जमीन किंवा आईचे दागिने मोडून तो डिपॉझिट भरतो. गाळा का घेतलास, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: शहर मोठे आहे, वाढते आहे. आमची तक्रार या उत्तराबद्दल आहे. शहर वाढते याचे दोन अर्थ होतात. एक, तेवढ्याच जागेत जास्त माणसे राहू लागतात, म्हणजे दाटी वाढते. दुसरा, माणसे लांब लांब पसरतात, म्हणजे पसारा वाढतो. जनगणनेच्या एकूण आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात. गल्ल्यात मात्र दिसत नाहीत.

साधा हिशोब करून पाहू. गिऱ्हाईक पायी पाच मिनिटे चालून दुकानात येते असे धरले तर दुकानाभोवती साधारण चारशे मीटरचे वर्तुळ होते. त्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर आहेत आणि २०११ मध्ये तिथे १ कोटी २४ लाख लोक होते. म्हणजे सरासरीने त्या वर्तुळात दहा हजारांवर माणसे राहतात. सोलापूर शहरात त्याच वर्षीच्या आकड्यांनुसार अडीच-पावणेतीन हजार. आपल्या तालुक्याची सरासरी काढली तर शंभराच्या जरा वर. परदेशातली दोन उदाहरणे घेऊ. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या अटलांटा शहराची वस्ती ४२८० चौरस किलोमीटरवर पसरली होती आणि त्यात २५ लाख लोक होते. त्याच काळात स्पेनमधले बार्सिलोना १६२ चौरस किलोमीटरमध्ये २८ लाख लोक सामावून होते. बार्सिलोनाच्या दुकानदाराला पाच मिनिटांच्या वर्तुळात साडेआठ हजार माणसे मिळत होती, अटलांटाच्या दुकानदाराला तीनशेसुद्धा नाहीत. दोन्ही शहरे लोकसंख्येने जवळपास बरोबरीची, दोन्ही श्रीमंत. पण अटलांटात दुकान चालवायचे तर समोर मोठे पार्किंग हवे, कारण गिऱ्हाईक मोटारीतूनच येणार. पार्किंगची जागा घ्यायची ऐपत छोट्या माणसाची नसते. तिथे मोठ्या कंपन्यांची दुकाने का फोफावली याचे एक कारण इथेच आहे.

आता सरासरीही फसवते. हद्द कुठे आखली यावर सगळे अवलंबून असते. हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे सोलापूर एकदम १७८ चौरस किलोमीटरचे झाले. १९९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ६ लाख होती, म्हणजे जुन्या हद्दीत चौरस किलोमीटरला १८ हजार. बेगम पेठेतला किंवा साखर पेठेतला एकही माणूस उठून गेला नाही, तरी कागदावर शहर विरळ झाले. पुण्याचेही तेच. २०२१ मध्ये २३ गावे घेतल्यावर पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठी झाली. त्या गावांत गाळे विकणाऱ्यांनी 'महापालिका हद्दीत' हे तीन हात मोठ्या अक्षरांत छापले. हद्द आली म्हणून गिऱ्हाईक येते असे नाही. अमेरिकेतले लॉस एंजेलिस पसरट म्हणून जगभर बदनाम आहे आणि न्यूयॉर्क दाट म्हणून प्रसिद्ध. पण सलग वस्तीचा सगळा पट्टा मोजला, तर तिथल्या २०१० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसचा पट्टा न्यूयॉर्कच्या पट्ट्यापेक्षा दाट निघाला! न्यूयॉर्कचा मधला भाग अतिदाट आहे, कडेची उपनगरे अगदी विरळ आहेत. लॉस एंजेलिस सगळीकडे मध्यम आहे.

दाटी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झोपडपट्टी येते. हाही गैरसमजच. पॅरिस शहर १०५ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे सुमारे २१ लाख लोक राहतात. म्हणजे मुंबईच्या सरासरीइतकीच दाटी. तरीही मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत आहेत आणि पॅरिस पाहायला लोक पैसे खर्च करून जातात. फरक माणसांच्या संख्येत नाही, माणशी मिळणाऱ्या बांधीव जागेत आहे, नळात आणि गटारात आहे. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने चटई क्षेत्र निर्देशांक शहरात १.३३ आणि उपनगरात १ ठेवला होता. त्याआधी १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याची घरे बांधण्यातली गोडी घालवली होती. माणसे येत राहिली आणि छप्पर वाढले नाही. ज्याला परवडले नाही तो नाल्याच्या काठाला गेला, नाहीतर लांब गेला.

लांब गेला म्हणजे किती लांब, हेही पाहावे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाखांवर होती, ती २०११ मध्ये ३१ लाखांच्या आत आली. त्याच २०११ मध्ये ठाणे जिल्हा १ कोटी १० लाख लोकसंख्येने देशात पहिला होता. (२०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला.) पण मुंबईचा हा पसारा अटलांटासारखा नाही. आगगाडीच्या रुळाला धरून एकेक दाट गाठ बसत गेली आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबे मुंब्रा-कौशाला गेली. बोरीबंदरपासून ते चाळीसेक किलोमीटर आहे. तिथे दाटी मुंबईसारखीच झाली. रोजगार मात्र बराचसा मागेच राहिला. म्हणून मुंब्र्यात किराणा, बेकरी, शिवणकाम चालते, पण घरचा कर्ता माणूस रोजचे तीन तास लोकलमध्ये लोंबकळतो. अशा वस्तीत दुकान टाकणाऱ्याने गिऱ्हाईक घरी किती वाजता परततो हे पाहूनच दुकानाची वेळ ठरवावी. जनगणना रात्री मुक्कामाला असणारा माणूस मोजते. फोर्टात किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळ मुक्कामाला माणसे थोडी, पण दिवसा पाय ठेवायला जागा नसते. तिथला चहावाला रात्रीच्या आकड्यावर अवलंबून राहिला असता तर त्याने टपरीच टाकली नसती.

मालाच्या बाजूनेही याचा हिशोब आहे. मुंबईचा फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला गेला. आपले डाळिंब सुमारे साडेतीनशे किलोमीटर जाऊन तिथे उतरते, मग टेम्पोने पुन्हा भायखळ्याला, मोहम्मद अली रोडला, नाहीतर उलट दिशेला कल्याण-बदलापूरला. बाजार हलवणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही, जुन्या जागी ट्रक वळायची सोय नव्हती. पण पसाऱ्याचा प्रत्येक किलोमीटर कोणीतरी भरतो. वाटेत भाव बागाइतदाराचा पडतो आणि चढतो तो गिऱ्हाइकाचा.

सोलापूरच्या दाराशीही नवे उदाहरण उभे आहे. शहराबाहेर कुंभारीला विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांची रे नगर वसाहत झाली. तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी दिली गेली. हक्काचे घर मिळाले ही मोठी गोष्ट आहे, तिला नाव ठेवणार नाही. तिथे दाटीही आहे. पण माग आणि कारखाना शहरात राहिला तर बसभाडे रोजच्या मजुरीतून जाणार आणि तेवढी खरेदी कमी होणार.

आमच्या सांगोल्यात मात्र विरळपणावरचा जुना तोडगा अजून चालू आहे. दर रविवारी जनावरांचा बाजार भरतो, खिलार बैल घेऊन माणसे लांबून येतात. विरळ मुलखाने एका दिवसापुरती जमवलेली ही दाटीच आहे. त्या एका दिवसावर चप्पलवाला, भांडीवाला, दोरखंडवाला आठवडा काढतो. माल एका जागी जमला की वाहतूकही दाराशी येते. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, ती इथे डब्याडब्याने माल जमत होता म्हणून. आणि नेमके याच वेळी गावाबाहेरच्या रस्त्यांना लागून शेतांचे प्लॉट पडत आहेत. एक प्लॉट इथे, दुसरा दोन किलोमीटरवर, मधे सगळे रिकामे. प्रत्येकाला नळ, रस्ता आणि दिवा हवा आणि पट्टी भरणारी घरे मोजकी. नगरपरिषदेने आधी गावाला चिकटलेली मोकळी जागा वसवावी, मग पुढची मंजुरी द्यावी, असे आम्हाला वाटते.

गाळा घ्यायला निघालेल्या तरुणाने एवढे तरी करावे. दलालाच्या नकाशावर न जाता त्या जागी एक दिवस सकाळी सात ते रात्री दहा बसावे. चारशे मीटरच्या आत किती घरांत दिवे लागतात ते रात्री फिरून मोजावे, किती फ्लॅट नुसते कुलूप लावून गुंतवणूक म्हणून पडले आहेत तेही वॉचमनला विचारावे. बसचा थांबा, शाळा, दवाखाना किती अंतरावर आहे ते पावलांनी मोजावे. मग डिपॉझिटची बोलणी करावीत.