हाताला बसलेली गाडी

गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही. त्यातल्या एका शनिवारी मी म्हसवडला एका पिकअपखाली उताणा पडलो होतो. हातांना अजून ग्रीसचा वास येतोय. तर आज त्यावरच.

माझे चुलते, आबा, यांच्याकडे बारा वर्षं जुनी पिकअप आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच. डाळिंबाच्या दिवसांत ती पुण्याच्या मार्केट यार्डात जाते, एरवी कडबा, खतं, पाण्याच्या टाक्या. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला मी गावी गेलो होतो आणि येताना एसटी पकडण्याऐवजी आबांबरोबर माल घेऊन निघालो. गोंदवल्याच्या पुढे रस्ता मोकळा दिसला तसं आबा म्हणाले, "घे, चालव जरा. कॉम्प्युटर बडवून हात आखडलं असतील."

मी बसलो. स्टिअरिंग डावीकडे वळवलं, काहीच झालं नाही. अजून वळवलं, तेव्हा गाडी एकदम डावीकडे गेली. मी घाबरून उजवीकडे आणलं, परत तेच. समोरून एसटी येत होती. दहा सेकंदांत माझा शर्ट भिजला. आबा शेजारी हसत होते. "आरं तिला थोडा प्ले हाय. आधीपासून वळवून धरायचं, मग ती ऐकती."

दहिवडीच्या पुढे मोगराळे घाट लागायच्या आत मी गपचूप गाडी त्यांना दिली. घाट उतरताना मी रस्त्याकडे बघतच नव्हतो, त्यांच्या हातांकडे बघत होतो. वळण यायच्या आधीच स्टिअरिंग वळलेलं. सरळ रस्त्यावर हात सतत डावीकडे-उजवीकडे, बारीक बारीक. त्यांना ते करतोय हेही कळत नव्हतं. खरं सांगतो, मला कौतुक वाटलं. फलटणला चहा पिताना ते सहज म्हणाले, "पुढच्या महिन्यापासनं बारक्या नेणार गाडी. माझी कंबर आता काय साथ देत नाय." मग मात्र चहा गोड लागेना.

बारक्या म्हणजे आबांचा धाकटा, एकवीस वर्षांचा. लायसन्स काढलं ते ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या कारवर. त्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलं. म्हणजे कायद्याने सगळं व्यवस्थित. पण आबांच्या हातात जे बारा वर्षांत बसलंय ते त्या लायसन्सबरोबर मिळत नाही. आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात एक जुना सर्व्हर असतो बघा, जो फक्त एकाच माणसाला चालू करता येतो, आणि तो माणूस रजेवर गेला की सगळे देव पाण्यात ठेवून बसतात. तसंच हे. फरक एवढाच की इथे सर्व्हर घाटात असतो.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तरी वाचा, कारण माझं म्हणणं त्यातच आहे.

तुमच्या-माझ्या हॅचबॅकला रॅक आणि पिनियन असतं, सरळसोट मामला. जुन्या पिकअपला चॅसिसवर एक स्टिअरिंग बॉक्स असतो. आत एक आटे पाडलेला दांडा, त्यावर छऱ्यांवरून सरकणारा नट, आणि त्या नटाचे दात दुसऱ्या एका शाफ्टला फिरवतात. जनरल मोटर्सने ही छऱ्यांची पद्धत १९४० मध्ये कॅडिलॅकमध्ये आणली, दणकट म्हणून ती ट्रकांमध्ये दशकानुदशकं टिकली. बॉक्समधून खाली ड्रॉप आर्म, तिथून ड्रॅग लिंक, मग टाय रॉड, मग किंगपिन, मग चाक. प्रत्येक सांध्यात थोडीथोडी झीज झाली की सगळ्यांची बेरीज तुमच्या हातात येते. प्रत्येक सांधा वेगवेगळा तपासला तर "चालतंय की" असाच वाटतो.

आणि बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तो स्क्रू!

तो आवळला की आतले दात एकमेकांजवळ येतात आणि स्टिअरिंग लगेच घट्ट लागतं. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, पाच मिनिटं. पण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे दात मधोमध सगळ्यात जास्त झिजतात. मधला ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू आवळला, की वळणावर, जिथे दात कमी झिजलेत, तिथे ते एकमेकांत आवळून बसतात. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, हाताने ओढून आणावं लागतं. शिवाय ढिलेपणा बॉक्समध्ये नसून खालच्या सांध्यात असेल, तर स्क्रूने तो गेलेलाच नसतो. फक्त बेरजेतला एक आकडा कमी केलेला असतो.

दोन आठवड्यांनी मी शुक्रवारी रात्रीच म्हसवडला पोचलो. शनिवारी सकाळी मिस्त्री आले, साठीचे, बोलायला कमी. त्यांनी आधी पाना उचललाच नाही. चाकं जमिनीवर, गाडी बंद. बारक्याला आत बसवलं आणि सांगितलं, स्टिअरिंग थोडं थोडं हलवत राहा. मला म्हणाले, "खाली जा. वरनं सुरू कर. एकेका सांध्यावर हात ठिव. अलीकडचं हाललं आन् पलीकडचं नाय हाललं, तर तितं खडूनं खूण कर."

मी वीस वर्षं कोडमधल्या चुका शोधतोय, याहून नीट पद्धत कोणी शिकवली नव्हती. पहिली खूण बॉक्सवरच पडली, पण आत नाही. बॉक्स ज्या बोल्टांनी चॅसिसला बांधलाय त्यातला एक सैल. स्टिअरिंग हललं की अख्खा बॉक्स केसभर सरकत होता आणि तिथलं लोखंड घासून चकचकीत झालं होतं. दुसरी खूण ड्रॅग लिंकच्या पुढच्या टोकाला. तिसरी उजव्या टाय रॉड एंडला, रबराचं टोपण फाटून आत माती गेलेली. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर डावं चाक खटखट करत होतं. बेअरिंग असेल असं मी म्हणालो. मिस्त्रींनी बारक्याला ब्रेक दाबायला लावला. बेअरिंग असतं तर ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली असती. नाही थांबली, म्हणजे किंगपिनचा बुश.

आणि त्या ड्रॅग लिंकच्या नटाला स्प्लिट पिन नव्हती. तारेचा तुकडा होता. तो मी बाहेर काढून आबांच्या हातावर ठेवला. आबा काही बोलले नाहीत.

स्टिअरिंगचा व्यास ४० सेंटिमीटर. त्याच्या कडेला दोरा लावून मोजलं, चाक हलायला लागेपर्यंत १० सेंटिमीटर जात होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की हा ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नको, सांध्यांना रबरी टोपणं हवीत आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात. हिशेब केला, १० सेंटिमीटर म्हणजे साधारण २९ अंश. टोपणं आणि तार सोडा, निदान ढिलेपणा तरी नियमात. मिस्त्री म्हणाले, "थांब." त्यांनी बॉक्सचा स्क्रू जागेवर आणला, म्हणजे सैल केला. परत मोजलं. १३ सेंटिमीटर, ३७ अंश.

मी आबांकडे बघितलं. "फिटनेसच्या आधी जरा आवळला हुता," आबा म्हणाले.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. साताऱ्याला जायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर, दिवस जातो. परत पाठवलं तर दुसरा दिवस. त्यामुळे गाडी दुरुस्त करण्यापेक्षा पास करणं जास्त महत्त्वाचं होतं. हे मला आबांपेक्षा जास्त चांगलं कळायला पाहिजे, टेस्ट पास व्हावी म्हणून कोडमध्ये मी काय काय केलंय ते इथे लिहिणार नाही :)

माझं मत असं आहे की ३० अंश ही गाडी थांबवायची हद्द आहे, तिथपर्यंत सुखाने जायची परवानगी नव्हे. ताशी साठ किलोमीटरला गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरच्या वर जाते. ढिलेपणा पार करण्यात हात जो वेळ घालवतो, तेवढा वेळ गाडीला कोणी ड्रायव्हरच नसतो. आणि स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा, बाकीचे सांधे बदलून झाल्यावर, चाकं सरळ ठेवून, लिंक सोडवून, आणि पूर्ण डावीकडे-उजवीकडे कुठेही अडकत नाही हे बघून. पहिल्यांदा स्क्रू आवळणारा मिस्त्री असेल तर मिस्त्री बदला.

आबांची बाजूही आहे, ती सोडून चालणार नाही. किंगपिनचे बुश नुसते ठोकून बसत नाहीत, रीमर मारून पिनच्या मापाला आणावे लागतात. त्यासाठी सुटे भाग दहिवडीला लेथवर गेले. गाडी शनिवार, रविवार, सोमवार उभी. तोडणी झालेलं डाळिंब थांबत नाही. दुसऱ्याची गाडी भाड्याने घेतली, तो खर्च दुरुस्तीच्या बिलाच्या जवळपास गेला. पाऊस कमी असलेल्या गावात, जिथे एक बाग गेली तर वर्ष जातं, तिथे माणूस स्क्रूच आवळणार. मला राग आला तो स्वतःचा. गेल्या दिवाळीला मी याच गाडीला म्युझिक सिस्टिम आणि सीट कव्हरं दिली होती. खाली वाकून बघायला दोन मिनिटं लागली असती.

सोमवारी संध्याकाळी सगळं बसलं. नव्या स्प्लिट पिना मी स्वतः वाकवल्या. टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचं अंतर टेपने मोजून मिस्त्रींनी चाकं तात्पुरती जुळवली. दोरा लावला, ३ सेंटिमीटर. नऊ अंशांच्या आत.

आबा पहिली फेरी मारायला बसले आणि गंमत झाली. पंढरपूर रस्त्याला लागल्या लागल्या गाडी दारू प्यायल्यासारखी हलायला लागली. त्यांचे हात सवयीने आधीच वळत होते आणि आता गाडी लगेच ऐकत होती! दोनेक किलोमीटरनंतर ते थांबले, उतरले आणि म्हणाले, "लईच तिखट झालीया. बारक्या, तूच चालव."

बारक्याने सरळ चालवली. मी मागे हौद्यात उभा होतो, आबा शेजारच्या सीटवर, आणि त्यांचे हात मांडीवर अजून बारीक बारीक हलत होते.

फलटणला मशीनवर अलाइनमेंट करून घ्यायचं राहिलंय. बारक्या परवा रात्री माल घेऊन निघतोय, जाताना करून घेईल. मी पहाटे मार्केट यार्डात जाणार आहे. डाळिंबं आणायला, असं घरी सांगितलंय.