जुनी पिकअप गाडी व तिच्या दुरुस्तीचा हिशेब

हातकणंगले तालुका म्हणजे वारणा व पंचगंगा या दोन नद्यांमधील बागायती मुलूख. येथील भाजीपाला वडगांवच्या बाजारास, गूळ कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डांत आणि खत, बेणें व वैरण शिवारांत पोंचविण्याचें काम पूर्वीं बैलगाडी करीत असे. आज तें बहुतेक ठिकाणीं पिकअप गाडी करिते. नवी गाडी सर्वांसच परवडते असें नाहीं. म्हणून दहा-पंधरा वर्षें चाललेली बोलेरो पिकअप, टाटा २०७ अथवा १९८६ सालीं प्रथम बाजारांत आलेल्या टाटा ४०७ च्या जातीची एखादी जुनी गाडी घेण्याकडे पुष्कळ शेतकऱ्यांचा कल असतो. हा कल आम्ही चुकीचा मानीत नाहीं. परंतु अशा गाडीचा धनी जेव्हां ‘गाडी पैसा फार खाते’ अशी तक्रार करितो, तेव्हां ती गाडी पैसा कां खाते याचा विचार होणें जरूर आहे. आमचें मत असें आहे कीं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या वयानें वाढतो त्याहून अधिक तिच्यावर लादलेल्या जादा भारानें व धन्याच्या चालढकलीनें वाढतो. आणि या दोन्ही गोष्टी धन्याच्या हातच्या आहेत.

बैलाच्या बाबतींत आपण शहाणे आहों. त्याच्या खांद्यास सूज दिसली तर त्यास त्या दिवशीं जुंपीत नाहीं. नाल झिजला तर तो पाय जाईपर्यंत वाट पाहत नाहीं. लोखंडाचें जनावर मुकें तर आहेच, पण तें कण्हतही नाहीं. म्हणून त्याची दुखणीं धन्यानेंच ओळखिलीं पाहिजेत.

प्रथम भाराचा विचार करूं. गाडीनें किती वजन न्यावें हें तिच्या नोंदणीपुस्तकांत लिहिलेलें असतें. परंतु व्यवहारांत हौदा भरेपर्यंत माल भरावयाचा अशी रीत पडली आहे. त्याचा परिणाम म्हणून पाटे तुटतात, क्लच प्लेट अकालीं जळते, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस खिळखिळे होतात आणि मागील गाभ्यांतील क्राऊन-पिनियनचे दांत उडतात. पाटा तुटला कीं एखादें पान जादा घालून गाडी ‘मजबूत’ करून घेण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. पण जादा पानानें पाटा तेवढा कठीण होतो. चासी, आंस, बेअरिंगें व ब्रेक होते तसेच राहतात. जो धक्का पूर्वीं पाटा सोशीत असे तो आतां चासीस बसतो व तिला तडे जातात. म्हणजे स्वस्त दुरुस्ती वांचवून महाग दुरुस्ती विकत घेतली असें होतें. शिवाय जादा भार रस्ताही मोडतो. अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीवरून असें दिसून आलें कीं, आंसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज अदमासें सोळापट होते. तो उखडलेला रस्ता मग आपलेच पाटे मोडतो. २०१९ सालीं दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यांत जादा भारास २०,००० रुपये व वरील प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंड सांगितला आहे, हेंही हिशेबांत धरावें.

दुसरें कारण पाण्याचें. आपल्या भागांतील पुष्कळ विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी क्षारयुक्त आहे. तें वर्षानुवर्षें रेडिएटरांत ओतलें म्हणजे आंतील बारीक नळ्यांत थर बसतो, पाणी नीट फिरत नाहीं व इंजिन तापतें. तापलेल्या इंजिनाचें हेड वांकतें, गॅस्केट जळतें आणि पाणी ऑईलांत शिरतें. ऑईल दुधाळ दिसलें किंवा रेडिएटरांत सारखे बुडबुडे उठूं लागले तर हीच खूण समजून गाडी तेथेंच थांबवावी. ‘घरापर्यंत नेऊं’ असें म्हणूं नये, कारण तसल्या ऑईलावर इंजिन चालविलें तर बेअरिंगें जाऊन काम क्रँकशाफ्टपर्यंत पोंचतें. ज्याचा आरंभ कांहीं शें रुपयांच्या चिरलेल्या नळीपासून अथवा ढिल्या पट्ट्यापासून होतो, त्याचा शेवट सबंध इंजिन नव्यानें बांधण्यांत होतो. रेडिएटरांत मऊ पाणी व योग्य प्रमाणांत कूलंट घालणें हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मेस्त्रीकडे जाण्यापूर्वीं धन्यानें धूर वाचावयास शिकावें. काळा धूर म्हणजे डिझेल जादा किंवा हवा अपुरी. तेव्हां प्रथम एअर फिल्टर झाडून पाहावा, कारण ऊसतोडीच्या दिवसांत शिवाररस्त्यांवरील धुळीनें तो लवकर तुंबतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. दोष रिंगांत, व्हॉल्व्हच्या सीलांत किंवा टर्बो असल्यास त्यांत असूं शकेल. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर नोझल नीट फवारत नसेल अथवा पाणी आंत शिरत असेल. एवढें ज्ञान असलें म्हणजे एअर फिल्टरच्या दोषासाठीं डिझेल पंप उतरविला जाण्याची वेळ येत नाहीं.

येथें जुन्या गाडीचा एक गुण सांगणें न्याय्य होईल. जुन्या बनावटीचा यांत्रिक डिझेल पंप कुशल मेस्त्री खोलून पुन्हां बसवूं शकतो, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरांत व शिरोलीच्या वसाहतींत लेथवर काम करणारे कारागीर आहेत. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या नियमानें निघणाऱ्या गाड्या धूर कमी सोडतात. पण त्यांची इंधनयंत्रणा नाजूक असून दोष शोधण्यास संगणक लागतो. तेव्हां जी गाडी आपल्या गांवांतच दुरुस्त होते ती निष्काळजीपणानें गमावणें शहाणपणाचें नव्हे.

ब्रेकांच्या बाबतींत मात्र काटकसरीचा विचारच करूं नये. भरलेली गाडी घेऊन कोंकणांत आंबा घाट उतरतांना ब्रेक सारखे दाबून धरले तर ड्रम तापून त्यांची पकड सुटते. जुनें, ओलावा शोषलेलें ब्रेक ऑईल उकळतें व पायदळ पोकळ जातें. म्हणून घाट खालच्या गिअरांत उतरावा. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करणें हा तर आत्मघातच होय, कारण ब्रेकांस जोर देणारा व्हॅक्युम पंप इंजिनावरच चालतो. तसेंच माल वाहण्याच्या हौद्यांत मजुरांस बसवून नेणें कायद्यास धरून नाहीं. झिजलेला लायनर व हौद्यांत दहा माणसें यांचा हिशेब रुपयांत होत नाहीं.

आपल्या तालुक्यास आणखी एक संकट आहे, तें महापुराचें. २००५, २०१९ व २०२१ या सालीं नदीकांठच्या गांवांनीं तें भोगलें आहे. पाण्यांत उभी राहिलेली गाडी पूर ओसरल्यावर कधींही चावी फिरवून पाहूं नये. सिलिंडरांत पाणी असेल तर तें दाबलें जात नाहीं. कनेक्टिंग रॉड वांकतो व इंजिन जातें, आणि अशा रीतीनें झालेली मोडतोड विमा कंपन्या पुष्कळदां भरून देत नाहींत. गाडी ओढून न्यावी. इंजिन, गिअरबॉक्स व मागील गाभा यांचें ऑईल बदलावें. ड्रम व चाकांचीं बेअरिंगें उघडून नवें ग्रीस भरावें. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेंही बैठकीखालीं व वायरींच्या जोडांत गाळ आहे काय हें पाहून मगच इसार द्यावा.

आतां गाडी ठेवावी कीं विकावी, हा प्रश्न. याचें उत्तर वहीवांचून देतां येत नाहीं. उदाहरणादाखल समजा कीं, वर्षांत दुरुस्तीस ९०,००० रुपये लागले व गाडी २० दिवस बंद राहून दररोजचें १,५०० रुपये भाडें बुडालें. म्हणजे एकूण १,२०,००० रुपये झाले. नव्या गाडीचा मासिक हप्ता १८,००० रुपये धरला तर वर्षाचे २,१६,००० होतात. अशा वेळीं जुनी गाडी अजून फायद्याची आहे. यांत योग्यता प्रमाणपत्राचा खर्चही मिळवावा. मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर तें दरवर्षीं घ्यावें लागतें व पंधरा वर्षांपुढील गाड्यांचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेंच वाढविलेलें आहे. मात्र चासी तडकली किंवा गंजून पोखरली असेल तर हिशेब कांहींही सांगो, ती गाडी रस्त्यावरून काढावी. खत वाहिल्यावर हौदा न धुण्याची संवय हें त्या गंजाचें मोठें कारण आहे.

हें सर्व एकट्या शेतकऱ्यावर सोडावें असें आम्हांस वाटत नाहीं. गांवोगांवच्या विकास संस्थांनीं ऑईल, फिल्टर व लायनर घाऊक दरानें आणून सभासदांस द्यावे आणि वर्षांतून एक दिवस जाणता मेस्त्री बोलावून सर्व गाड्या तपासून घ्याव्या. त्यास योग्य काळ श्रावण-भाद्रपदाचा. तेव्हां माल कमी असतो व गळित हंगाम पुढें असतो. हंगामांत बंद पडलेल्या गाडीचा धनी मेस्त्री सांगेल तो दर व भाडेकरी सांगेल तें भाडें देतो. श्रावणांत तोच धनी चार ठिकाणीं विचारून काम देऊं शकतो. खंडेनवमीस आपण गाडीस हार घालितों व नारळ फोडतों. आमची विनंती इतकीच कीं, त्यापूर्वीं तिचे चारी ड्रम उघडून पाहावे.