भाकड काळाचा हिशेब

बँकेतल्या नोकरीची सुरुवातीची वर्षे मी तालुक्याच्या एका लहान शाखेत काढली. ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे होते. १९८० च्या ऑक्टोबरपासून तो देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झालेला होता आणि दुभत्या म्हशींच्या कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावर गठ्ठ्यांनी येत. पंचायत समितीच्या आवारात झाडाखाली बसणारा एक अर्जनवीस ते लिहून देई. अक्षर मोत्यासारखे. पण त्याच्या प्रत्येक अर्जातली म्हैस वर्षाचे ३६५ दिवस सारखेच दूध देई. ती आटत नसे, आजारी पडत नसे, गाभण राहत नसे.

एकदा एक वयस्क बाई आल्या. अर्ज पुढे सरकवून म्हणाल्या, ‘‘साहेब, दोन्ही म्हशी एकदम देऊ नका. दुसरी सहा महिन्यांनी द्या. एक आटली की दुसरी चालू राहील, हप्ता चुकणार नाही.’’ बँकेच्या परिपत्रकातही नेमके हेच सांगितलेले होते, पण अर्जदाराच्या तोंडून मी ते प्रथमच ऐकत होतो. भाकड काळ गृहीत धरून कर्ज मागणारा माणूस कर्ज फेडतो, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

अलीकडे ती बाई आणि तो अर्जनवीस, दोघेही मला वारंवार आठवतात. कारण निवृत्तीनंतर माझ्याकडे वेगळ्या तऱ्हेचे अर्ज येऊ लागले आहेत. कुणी गतिमंद मुलांची शाळा चालवतो, कुणी खेड्यात वाचनालय. ‘‘तुम्ही बँकेत होता, शिवाय कादंबऱ्या लिहिता, आमचा प्रस्ताव तेवढा लिहून द्या,’’ असा आग्रह असतो. दुसरीकडे समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुली, नोकरी सोडून घरी बसलेल्या गृहिणी, निवृत्त शिक्षक विचारतात, ‘‘निधीसाठी प्रस्ताव लिहायला शिकलं, तर घरबसल्या चार पैसे मिळतील का?’’ अशा शिकवण्यांच्या जाहिरातीही आता सर्रास दिसतात. अर्जनवीस झाडाखालून उठून संगणकापुढे येऊन बसला आहे म्हणायचे!

हे घडले त्याला कारण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातले १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी अट पुरी होत असली, तरी त्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे ते कलम सांगते. त्यातून देशात वर्षाकाठी ३० हजार कोटींच्या आसपास रक्कम खर्च होऊ लागली आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव सर्वांत वर राहत आले. एवढा पैसा आला म्हणजे तो मागण्याची विद्याही येणारच.

आपल्याकडे देणग्या मागण्याची परंपरा जुनी. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली, ती आपल्या मातोश्रींच्या, नाथीबाईंच्या नावाने. देणाऱ्याने काम आणि माणूस पाहिला होता. गावोगावच्या संस्था पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरत आणि मागणाऱ्याची सात पिढ्यांची माहिती देणाऱ्याला असे. आज देणारा मुंबईच्या कार्यालयात बसतो आणि मागणारा बीड किंवा नंदुरबारमध्ये. मधे उरतो तो फक्त कागद, आणि तोही बहुधा इंग्रजीतला.

या कागदाचे ओझे गेल्या काही वर्षांत वाढले. २०२१ पासून कंपन्यांचा निधी हवा असणाऱ्या संस्थेला केंद्राकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि बाहेरच्या संस्थेला तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आयकर खात्याकडच्या नोंदणीलाही त्याच वर्षापासून मुदत आली. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. कारभारखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरली, आणि परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली.

या शेवटच्या तरतुदीचा घाव कुठे बसला, ते शहरात फारसे कळले नाही. पूर्वी मोठी संस्था परदेशातून निधी आणी, त्याची कागदपत्रे सांभाळी आणि आडगावात काम करणाऱ्या पाच-दहा लहान संस्थांना त्यातला वाटा देई. ती वाट बुजली. ज्यांनी आयुष्यात कधी प्रस्ताव लिहिला नव्हता, त्यांच्यावर स्वतः देणाऱ्यापुढे उभे राहण्याची पाळी आली. ज्याला लिहिता येते त्याला मिळते आणि ज्याला केवळ करता येते तो ताटकळतो, असे चित्र तयार होऊ लागले.

मग लिहून देणारा भाडोत्री लेखक आणला की प्रश्न सुटला? मलाही तसे वाटले होते. मराठवाड्यातल्या एका लहान संस्थेने माझ्याकडून प्रस्ताव लिहून घेतला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ती हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळीच्या सुमाराला आईबाप मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मुले बरोबर गेली की शाळा सुटते, आणि एकदा सुटली की सुटतेच. म्हणून त्यांना गावातच ठेवून घ्यायचे. काम सोन्यासारखे. माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. पहाटेची थंडी, उसाच्या पाल्याची खोपी, धाकट्या भावाला काखेत घेऊन उभी असलेली मुलगी! आठ पाने लिहिली, भाचीकडून इंग्रजी करून घेतली आणि एका कंपनीकडे धाडली.

पंधरा दिवसांनी तिथल्या अधिकारी बाईंचा दूरध्वनी आला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘‘गेल्या हंगामातली किती मुलं यंदा परत आली? आणि वसतिगृह बंद असतं, त्या महिन्यांत तुमची माणसं काय करतात?’’ मला एकाचेही उत्तर देता आले नाही. तीस वर्षे मी टेबलाच्या पलीकडे बसून असेच प्रश्न विचारत आलो होतो, आणि माझ्या प्रस्तावातली म्हैस ३६५ दिवस दूध देत होती.

मी ओशाळून संस्थेत गेलो. अधीक्षिका ताईंनी हजेरीचे रजिस्टर काढले. गेल्या हंगामात ४२ मुले होती, त्यांतली ३१ परत आली होती. उरलेल्या अकरांपैकी सहा आईबापांबरोबर फडावर गेली होती, दोन नातेवाइकांकडे. तीन मुलींची उन्हाळ्यात लग्ने झाली होती. सर्वांत मोठी पंधरा वर्षांची.

‘‘सर, हे लिहिलं तर आपल्याला पैसे कोण देईल?’’ ताईंनी विचारले.

भीती खोटी नव्हती. पण त्या तीन लग्नांतच संस्थेची खरी गरज दडलेली होती. निधी मागितला जात होता तो हंगामापुरता, ऑक्टोबर ते मार्च. मुली हातून निसटत होत्या त्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. वसतिगृहाला कुलूप असे तेव्हा ताई पदरमोड करून जमेल तेवढ्या घरी जाऊन येत. त्या प्रवासाला आणि पगाराला कोणत्याही अंदाजपत्रकात रकाना नव्हता.

दुसरा प्रस्ताव ताईंनी मराठीत लिहिला, चार पानांचा. मी फक्त आकडे तपासले आणि भाषांतर करून दिले. अकरा मुलांचा हिशेब त्यात पहिल्याच पानावर होता, आणि बंद महिन्यांत घरोघर जाणाऱ्या दोन बायकांचा बारमाही पगार मागितलेला होता. कंपनीने सगळी रक्कम दिली नाही. पण ते दोन पगार दोन वर्षांसाठी मंजूर झाले.

संस्थांच्या भाकड काळाचे पैसे द्यायला देणारे सहसा नाखूश असतात. इमारतीवर पाटी लावता येते, हिशेबनिसाच्या पगारावर लावता येत नाही. कारभारखर्च ५ टक्क्यांच्या आत हवा असा नियम पुष्कळदा संस्थेच्या तोंडावर फेकला जातो. वस्तुतः ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चाची आहे. प्रस्ताव लिहिणाऱ्याला शब्दसंपत्तीपेक्षा असे नियम ठाऊक असणे अधिक उपयोगाचे.

तेव्हा हे काम शिकू पाहणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. आधी एकाच संस्थेत वर्षभर जा. तिचे तीन वर्षांचे ताळेबंद वाचा, हिशेबनिसाशेजारी बसा, मग लेखणी उचला. गरज काय, कोणाची, आपण काय करणार, झाले हे कशावरून कळणार, खर्च किती आणि पैसे संपल्यावर पुढे काय, या सहा प्रश्नांची सरळ उत्तरे म्हणजे प्रस्ताव. मोबदला कामाचा ठरवून घ्या, मिळणाऱ्या निधीवर टक्केवारी घेऊ नका. अमेरिकेत हा रीतसर व्यवसाय आहे, आणि तिथल्या निधीसंकलकांच्या प्रमुख संघटनेची आचारसंहिताही टक्केवारीला मनाई करते. टक्केवारी आली की म्हशीचे दूध वाढू लागते! पोट भरण्याइतके काम मिळते का? मिळते, पण ओळखीने आणि सावकाश. पहिल्या वर्षी त्यावर घर चालवण्याचा बेत करू नये.

आता तर संगणक मिनिटभरात सफाईदार इंग्रजी प्रस्ताव लिहून देतो. ज्यांना इंग्रजीची भीती होती, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र सगळ्यांचेच अक्षर मोत्यासारखे झाले, की देणारा अक्षर पाहणे सोडून देईल. मग तो रजिस्टर मागेल. ते ज्याच्या कपाटात आहे, त्याने आता भिऊ नये.

परवा ताईंचा दूरध्वनी आला होता. पुढच्या प्रस्तावाला माझी मदत नको म्हणाल्या, फक्त बेरजा एकदा पाहून द्या. यंदा किती मुले परतली, असे मी विचारले. ‘‘छत्तीस,’’ त्या म्हणाल्या. आणि मी न विचारताच उरलेल्या सहाजणांची नावे सांगू लागल्या.