मूळ आणि मालकी

पुण्याच्या मार्केट यार्डात बाजार भरतो, हमाल दुकानापुढे पोती उतरवतो आणि माल तराजूवर चढतो. यातील बाजार, हमाल, दुकान व तराजू हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. अल्प ध्वनिभेदाने ते इस्तंबूलच्या तुर्कीतही नांदतात. मराठी भाषाविचार मात्र अशा शब्दांपाशी आला की ‘परकीय प्रभाव’ या सदराखाली त्यांची शिरगणती करून थांबतो. मूळ सांगितले की मालकी ठरली, हे त्यामागील अनुच्चारित गृहीतक होय. आणि तेच मुळात सदोष आहे.

१९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. हा केवळ व्यक्तिगत मतपालट नव्हे. मराठीचा अंगभूत स्तर उघड करणारा कोश बहिष्काराची यादी म्हणूनही वाचता येतो, हे त्यातून दिसते. दोष कोशाचा नाही, वाचनाचा आहे.

शुद्धीचा हाच प्रयोग तुर्कस्तानात राज्यसत्तेच्या बळावर झाला. १९२८ मध्ये लिपी बदलली, १९३२ मध्ये भाषासंस्था स्थापन झाली. या सुधारणेचा इतिहास जेफ्री लुइस यांनी १९९९ मध्ये लिहिला, तेव्हा उपशीर्षकातच तिच्या यशाला अनर्थकारी म्हटले. खुद्द केमाल अतातुर्कचे १९२७ चे भाषण पुढील पिढ्यांसाठी नव्या तुर्कीत उतरवावे लागले. हमाल आणि दुकान मात्र तिथेही टिकले. म्हणजे हद्दपार झाला तो परका नव्हे. तुटला तो वाचकाचा स्वतःच्या गतकाळाशी असलेला संबंध.

आपल्याकडे शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’चा दाखला हटकून दिला जातो. तथापि त्यातील संस्कृत पर्यायांनंतरही पेशवे, फडणीस, चिटणीस ही पदनामे उरलीच. ‘पेशवे दफ्तर’ या नावातील दोन्ही शब्द फारसीच आहेत. ते दफ्तर वाचण्यासाठी मोडीइतकीच फारसीची जाण लागते. ती देण्याची जबाबदारी किती मराठी विभाग आपली मानतात?

माथाडी कामगारांसाठीच्या १९६९ च्या कायद्याने आपल्या नावातच ‘हमाल’ हा शब्द ठेवला. श्रमिकाचा हक्क नोंदवताना विधिमंडळाला त्या शब्दाचे कुळ तपासावेसे वाटले नाही. समीक्षेला आणि भाषाभ्यासाला ते अद्याप वाटते, ही खरी अडचण आहे. शब्द कोठून आला हा व्युत्पत्तीचा प्रश्न आहे. तो कोणाचा, याचे उत्तर तो वापरणारा समाजच देतो.