आधी पाणी, मग तेल

शुभांशू शुक्ला २०२५च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या सामानात सूक्ष्मशैवालाच्या तीन जाती होत्या. हा प्रयोग दिल्लीतील ‘आयसीजीईबी’ आणि ‘एनआयपीजीआर’ या दोन संस्थांचा. अरुणा असफ अली मार्गावरच्या ‘आयसीजीईबी’त शैवालापासून वाहनांचे इंधन काढण्यावरही काम चालते. फरिदाबादला इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रात जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने जैवइंधनाचे खास केंद्र उभे आहे. म्हणजे या विषयातले जाणकार राजधानीच्या परिसरातच आहेत. आणि शैवालाला लागणारे नत्र व फॉस्फरस ज्या पाण्यात वाया जातात, ती यमुनाही तिथेच आहे. या दोहोंची मोठ्या प्रमाणावर गाठ घालून देणे हे सरकारचे काम आहे आणि ते आता लांबणीवर टाकू नये.

शैवालात तेल असते, याबद्दल वाद नाही. काही जातींच्या कोरड्या वजनात ते निम्म्यापर्यंत जाते. अडचण ते बाहेर काढण्यात आहे. उघड्या तळ्यात एक लिटर पाण्यामागे शैवाल भरते जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम. किलोभर कोरडा माल हवा तर हजार-दोन हजार लिटर पाणी बाजूला सारावे लागते. ते गाळायचे, यंत्रात फिरवून घट्ट करायचे, वाळवायचे, मग पेशीची चिवट भिंत फोडून हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल ओढून घ्यायचे आणि मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून त्याचे बायोडिझेल करायचे. या प्रत्येक पायरीवर वीज किंवा उष्णता खर्च होते. केवळ वाळवण्यातच तेलातून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा संपतो. शिवाय पेशीत तेल साठावे म्हणून नत्र तोडले, की शैवालाची वाढच मंदावते. तेल वाढवावे तर पीक घटते आणि पीक वाढवावे तर तेल घटते, हा पेच अजून सुटलेला नाही.

अमेरिकेने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे यावर सरकारी कार्यक्रम चालवला आणि बंद केला. एक्सॉनमोबिलने २००९मध्ये साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी जाहीर केली. २०२३मध्ये तीही कंपनी बाहेर पडली. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने शैवालाच्या बायोडिझेलवर गाडी चालवून दाखवली, पण पंपावर ते इंधन आले नाही. खनिज तेलाशी थेट भावाची झुंज लावली की शैवाल हरते, हे मान्य करूनच पुढचे धोरण आखले पाहिजे. मोगली एरंडाचा, म्हणजे जट्रोफाचा अनुभव ताजा आहे. २००३नंतर पडीक जमिनीवर डिझेल पिकेल, असे सांगून शेतकऱ्यांना रोपे लावायला लावली. बिया आल्या त्या अपेक्षेच्या कितीतरी कमी. आज २०१८च्या जैवइंधन धोरणात २०३०पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे आणि प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही आत आहे. ही दरी पुन्हा घोषणांनी भरू नये.

म्हणून शैवालाला पहिले काम पाणी स्वच्छ करण्याचे द्यावे. कालिंदी कुंजजवळ यमुनेवर दरवर्षी पांढरा फेस चढतो, त्यामागे साबण आणि फॉस्फेट आहेत. वजीराबादला अमोनिया वाढला की दिल्लीच्या जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन कमी करावे लागते आणि लाखो घरांचे नळ कोरडे पडतात. फॉस्फेट आणि अमोनिया, दोन्ही शैवालाचे खाद्य. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या नेहमीच्या केंद्रात जीवाणूंना प्राणवायू पुरवण्यासाठी पंखे अखंड चालतात आणि केंद्राच्या विजेचा साधारण निम्मा भाग त्यातच जातो. शैवाल सूर्यप्रकाशात तोच प्राणवायू फुकट देते. एवढा खर्च वाचला आणि नदीत जाणारे नत्र-फॉस्फरस अडले, तर उरलेल्या शैवालाला तेलाच्या भावाचे ओझे एकट्याने वाहावे लागत नाही.

आकडे मांडून पाहू. रोज एक कोटी लिटर मैलापाणी फूटभर खोल तळ्यात पाच दिवस ठेवायचे, तर सतरा हेक्टर जागा लागते. चौरस मीटरला दिवसाकाठी पंधरा ग्रॅम वाढ धरली तर अडीच टन कोरडे शैवाल मिळेल. मैलापाण्यावरचे शैवाल तेलात उणेच असते. पंधरा टक्के धरले तर हाती पावणेचारशे किलो तेल. ओखल्याचे केंद्र दिवसाला छप्पन्न कोटी लिटर पाणी हाताळते. ते सगळे शैवालावर सोपवायचे तर साडेनऊशे हेक्टर लागतील आणि तेवढी जमीन दिल्लीत मिळणार नाही. जानेवारीच्या धुक्यात वाढ मंदावेल, मे महिन्यात तळी आटतील. तेव्हा शैवाल हा सगळ्या केंद्रांना पर्याय नाही. त्याला काही नाल्यांवर, अखेरच्या टप्प्यातील शुद्धीकरणाचे काम द्यावे आणि ओल्या मालापासूनच इंधन काढावे. तीनशे अंशांच्या आसपास दाबाखाली शिजवले तर न वाळवताही कच्चे तेल निघते. उरलेल्यातून बायोगॅस घेता येतो.

महाराष्ट्राने याकडे दिल्लीचा प्रश्न म्हणून पाहू नये. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने घातली, तेव्हा अन्न आणि इंधन यांतली ओढाताण इथल्या कारखान्यांनी आणि ऊसकऱ्यांनी सोसली. शेतजमीन आणि गोडे पाणी न मागणारे इंधन आपल्यालाही हवे आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जैवऊर्जेचे केंद्र आहे आणि पुण्यात मुळा-मुठेचे मैलापाणी आहे.

सप्टेंबर २०२३मध्ये जागतिक जैवइंधन आघाडीची घोषणा नवी दिल्लीतच झाली. त्या राजधानीने नजफगड नाल्याकाठी वीस हेक्टर जागा द्यावी, चालवण्याचा खर्च किमान पाच वर्षे दिल्ली जल बोर्ड आणि तेल कंपन्यांनी वाटून घ्यावा, आणि किती वीज लागली, किती अमोनिया अडला, किती तेल निघाले हे दर महिन्याला जाहीर करावे. हिशेब तोट्याचा निघाला तर तोही लोकांसमोर ठेवावा. म्हणजे पुढच्या शहराला तीच रक्कम पुन्हा खर्च करावी लागणार नाही.