घरांतील निःशब्द संगणक : मदरबोर्डाची निवड

आमच्या घरीं संगणक माजघरांत आहे. दुसरीकडे कोठें ठेवावा अशी जागाच नाहीं. माजघराच्या एका अंगास आमचे वडील बंधु दादा यांची खोली, व दुसऱ्या अंगास नातींना घेऊन वहिनी निजतात ती खोली. दादांचें वय आज ब्याऐंशी. दम्यामुळें त्यांस रात्रीं दोनतीन वेळां तरी उठावें लागतें, व तेव्हां ते वहिनींस हळू हांक मारितात. ती हांक आजवर कधीं चुकली नव्हती. गेल्या श्रावणांत चुकली. दादा एकटेच उठले, उंबऱ्याला अडखळले, आणि मनगटाचें हाड मोडून घेतलें. पहांटे चारची वेळ. संगणकापाशीं आम्हीच आमचीं जुनीं टिपणें उतरवून घेत बसलों होतों; परंतु आमच्या कानांस आतां हळू आवाज कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावजी, त्या यंत्राच्या घरघरीत ह्यांचा आवाज मला ऐकूंच आला नाही."

त्या दिवसापासून आम्हीं ह्या घरघरीचा छडा लावण्याचें मनावर घेतलें. संगणकांत आवाज करणारे जिन्नस मुख्यतः दोन : पंखे, आणि जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. डिस्कचा प्रश्न सोपा आहे. मदरबोर्डावर एम. 2 नांवाची खांच असली कीं तींत बोटाएवढी एस. एस. डी. बसते, तिच्यांत फिरणारा भागच नाहीं. खरा प्रश्न पंख्यांचा. आणि पंखे वेगळे विकत मिळत असले तरी त्यांनीं किती वेगानें फिरावें हें ठरविणारा मदरबोर्ड असतो, ही गोष्ट आम्हांस साठी उलटल्यावर कळली. (संस्कृताच्या खोडीप्रमाणें आम्हीं त्यास 'मातृफलक' असा शब्द योजिला होता. दुकानांत तो उच्चारतांच विक्रेत्यानें आम्हांस पाट्या रंगविणाऱ्याचा पत्ता सांगितला. तेव्हांपासून आम्ही मुकाट्यानें मदरबोर्डच म्हणतों.)

आमच्या जुन्या यंत्रांतील दोष होता तो असा. पंख्याची तार बोर्डावर ज्या ठिकाणीं खोंवतात त्यास हेडर म्हणतात. त्याला बहुधा चार पिना असतात : एक अर्थिंगची, एक बारा व्होल्टांची, एक पंख्याचा वेग बोर्डास कळविणारी, व चौथी बोर्डाचा हुकूम पंख्यास पोंचविणारी. पंख्याच्या टोंकाला मात्र कधीं चार छिद्रें असतात, कधीं तीनच. तीनवाल्या पंख्यास हुकूम ऐकण्याचा कानच नाहीं. त्याचा वेग उतरवावयाचा तर व्होल्टच उतरवावे लागतात, आणि आमच्या त्या बोर्डाला ही विद्या येत नव्हती. म्हणून पेटीचे दोन्ही पंखे सहा वर्षें पूर्ण वेगानें फिरत राहिले. नवा बोर्ड घेतांना प्रत्येक हेडरास दोन्ही पद्धती, म्हणजे चार पिनांची पी. डब्ल्यू. एम. व तीन पिनांची व्होल्टांची, निवडतां येतात काय हें आधीं पाहावें. खोक्यावर हें लिहिलेलें नसतें. परंतु उत्पादकांच्या संकेतस्थळांवर बोर्डांच्या पुस्तिका फुकट मिळतात. त्यांतील पंख्यांचें प्रकरण पैसे देण्यापूर्वीं वाचावें. आम्हीं चार पुस्तिका मुळापासून वाचल्या, तों एकींत पांचपैकीं दोनच हेडरांना ही सोय असल्याचें आढळलें. विक्रेता चारींविषयीं "सगळं होतं, सर" असेंच म्हणत होता.

वेगाला एवढें महत्त्व कां, तें थोडें गणितानें सांगतों. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो. पण आवाज सुमारें 15 डेसिबलांनीं उतरतो, आणि 10 डेसिबल उतरले कीं कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, एकाच्या जागीं सारखे दोन पंखे लाविले तर आवाज तीनच डेसिबल वाढतो. म्हणून एक पंखा पळविण्यापेक्षां दोन मोठे पंखे, 120 किंवा 140 मिलिमीटरांचे, संथ फिरवावे. त्यासाठीं हेडर पुरेसे हवेत. मिनी आय. टी. एक्स. हा 170 मिलिमीटरांचा चौरस बोर्ड दिसावयास सुबक, पण त्यावर दोनतीनच हेडर बसतात. 244 मिलिमीटरांच्या मायक्रो ए. टी. एक्स. वर बहुधा अधिक मिळतात.

इवल्या पंख्यांचा आवाज सर्वांत वाईट, बारीक व किरकिरा. 2019 सालीं ए. एम. डी.चा एक्स 570 चिपसेट निघाला, तेव्हां त्याच्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटला निवविण्यासाठीं असा पंखा होता. 2020 च्या बी 550 ला त्याची गरज उरली नाहीं, व 2021 मध्यें एक्स 570 एस या नांवानें बिनपंख्याचे बोर्डही आले. जुना माल स्वस्तांत घेणाऱ्यांनीं हा पंखा चित्रांत शोधावा.

निजणाऱ्यांच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट. एकसारख्या आवाजापेक्षां चढउताराचा आवाज झोंप अधिक मोडतो. एखादें पान उघडलें कीं प्रोसेसरचें तपमान क्षणांत उडी घेतें व पुन्हां उतरतें. बोर्ड उतावळा असला तर पंखाही तसाच भुंकतो व गप्प बसतो. चांगल्या बोर्डाच्या बायोसमध्यें पंख्यानें कांहीं सेकंद थांबून मगच वेग बदलावा अशी योजना करतां येते.

परंतु पंखे संथ केले तर उष्णता जावी कोठें? बारा व्होल्टांच्या विजेचें एक-सव्वा व्होल्टांत रूपांतर करणारे भाग, ज्यांस व्ही. आर. एम. म्हणतात, ते प्रोसेसरच्या शेजारींच असतात व चांगलेच तापतात. त्यांवर धातूचा जाड ठोकळा असावा. ते उघडे असतील तो बोर्ड आपल्या कामाचा नाहीं. तथापि 65 वॉटांच्या प्रोसेसरसाठीं सोळा फेजांचा बोर्ड घेणें म्हणजे चौघांच्या आमटीसाठीं लग्नघरचें पातेलें चढविणें होय. शिवाय आपल्याकडे वैशाख आहे. खोली 25 अंशांवरून 38 वर गेली कीं आंतील भागही जवळजवळ तेवढेच, तेरा अंशांनीं, वर चढतात. मार्गशीर्षांत बसविलेला वेगाचा आलेख तेव्हां चालत नाहीं. यास्तव बायोसमध्यें दोन निरनिराळ्या मांडण्या सांठवून ठेवण्याची सोय पाहून घ्यावी.

चित्रासाठीं निराळें कार्ड नको. त्याचे पंखे निराळे. तें काम प्रोसेसरनेंच करावें. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाशेवटीं एफ हें अक्षर असतें त्यांत ती सोय नसते, व मग बोर्डावरील एच. डी. एम. आय. शोभेची राहते.

आम्हीं अखेर मधल्या आकाराचा, बिनपंख्याच्या चिपसेटचा, पांच हेडरांचा बोर्ड घेतला. नातवानें तो बसविला. पुस्तिका वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे होतें. एक न्यून राहिलें आहे. पान वरखालीं सरकवितांना बोर्डांतून अतिशय बारीक शीळ येते, असें नातू म्हणतो. ती तारेच्या गुंडाळ्यांच्या कंपनाची. पुस्तिकेंत तिचें नांव नसतें, आणि एकाच जातीच्या दोन बोर्डांपैकीं एक शीळ घालतो व दुसरा घालीत नाहीं. आम्हांस ती मुळींच ऐकूं येत नाहीं. म्हणून रात्रीं सामसूम झाल्यावर वहिनींस त्यांच्या अंथरुणावर बसवून यंत्र सुरू केलें व शीळ येते काय म्हणून विचारलें. त्या बराच वेळ कान देऊन होत्या. मग म्हणाल्या, "शीळ नाही येत. ह्यांच्या खोलीतलं घड्याळ ऐकूं येतं आहे."

वीजपुरवठ्याच्या पेटीविषयीं पुढील अंकीं.